गावच्या जुन्या देवळाच्या जीर्णोद्धार समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, विश्वस्त आणि सर्व सभासद,
मंदिर जीर्णोद्धार समित्या आणि ग्रामपंचायती, महाराष्ट्र

विषय : जुन्या दगडी देवळाला रंग, सिमेंट आणि फरशी घालण्याआधी.

सा. न. वि. वि.

दिवाळी झाली की देवळाच्या ओट्यावर बैठका बसतात. वर्गणीचा आकडा ठरतो आणि ठेकेदाराचं कोटेशन येतं. त्यात आतून-बाहेरून ऑइल पेंट, गाभाऱ्यात मार्बल, सभामंडपात ग्रॅनाइट, वर आरसीसी स्लॅब, खांबांना लागून स्टीलचं रेलिंग आणि नवा कळस असतो. गळतीसाठी तळाशी 'वॉटरप्रूफिंग' एवढा एकच शब्द. आमचं म्हणणं थोडक्यात असं, की ही यादी उलटी करा. पहिला पैसा पाण्यावर घाला. पाण्याची सोय नीट झाली तर बाकीच्या यादीतलं बरंचसं लागतच नाही, आणि जे लागत नाही त्यानेच देवळाचं सर्वाधिक नुकसान होतं.

आधी आपलं देऊळ काय आहे ते बघू. गावात त्याला 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. पण अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा, आणि तोही शिलाहार या दुसऱ्या राजघराण्याच्या काळातला. त्यामुळे हेमाडपंती हे नाव बांधकामाच्या पद्धतीचं समजावं, बांधणाऱ्याचं नव्हे. दगडावर दगड चपखल बसवायचा, सांध्यात चुना नाही, सगळी मदार वजनावर आणि खाचेवर. भिंतीला बाहेरून एक आणि आतून एक असे घडीव दगडांचे दोन थर असतात आणि मधल्या पोकळीत बहुतेक वेळा दगडगोटे व माती भरलेली असते. ही गोष्ट ठेकेदाराला माहीत नसते. पुढची सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट. बऱ्याच गावांत खालचं अंग यादवकालीन दगडी आणि वरचं शिखर किंवा घुमट मराठेशाहीतला, विटा-चुन्याचा असतो. पुणे जिल्ह्यात यवतजवळचं भुलेश्वर मंदिर डोळ्यांसमोर आणा. खाली काळ्या पाषाणातलं बारीक शिल्पकाम, वर पांढरी चुनेगच्ची. एकाच इमारतीत ही दोन वेगळी शरीरं आहेत. वरच्या भागाला चुन्याचा गिलावा हवाच, तो त्याचा मूळ पोशाख आहे. खालच्या दगडाला मात्र काहीच फासायचं नाही. एकाच कोटेशनात दोन्ही बसवलं की एकाचं नुकसान नक्की.

आता छत. मंडपाच्या तुळयांवर दगडी पाट आणि त्यावर उतार दिलेला चुन्याचा कोबा, ही बहुतेक ठिकाणची जुनी रचना. कोबा उखडतो, त्यावर माती साचते, गवत उगवतं, पाणी मुरतं आणि मंडपात थेंब पडायला लागतात. मग चार इंची स्लॅब ठोकला जातो. हिशोब करा. मंडप वीस बाय वीस फूट धरला तर त्या स्लॅबचं वजन सुमारे नऊ टन होतं. हे सगळं आठशे वर्षं जुन्या दगडी तुळयांवर. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. तुळई वाकायला लागली की तिच्या पोटाला, बरोबर मध्यावर, खालून वर जाणारी केसासारखी चीर पडते. त्या चिरेत सिमेंट भरून वर रंग दिला की समितीला ती दिसेनाशी होते, एवढंच. त्यापेक्षा चिरेवर आडवी काचेची बारीक पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली तर चीर वाढते आहे. मग लगेच खालून टेकू द्या आणि स्थापत्य अभियंत्याला बोलवा, तोही जुन्या दगडी बांधकामाची सवय असलेला. वर्षभर पट्टी शाबूत राहिली तर ती चीर जुनी आणि थांबलेली.

छताचं खरं काम असं. वरची माती आणि मागच्या दुरुस्त्यांचे सिमेंटचे थर हाताने उतरवायचे. ब्रेकर मशीन नको, त्याचा हादरा थेट तुळईत जातो. जेवढं वजन उतरवलं त्याहून जास्त पुन्हा चढवायचं नाही. मग विटांचे तुकडे, आणि एक भाग चुन्याला दोन भाग सुरखी, म्हणजे विटांची पूड, असा माल. माल तुकड्यांच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. थर सरासरी चार इंचांचा, दर दहा फुटांना किमान दोन इंच उतार. लाकडी थापीने पाच-सात दिवस बडवायचा, वरून गूळ आणि बेलफळाचं पाणी शिंपत. थापी आपटली की उठली पाहिजे आणि तिचा ठसा उमटता कामा नये, तेव्हा थांबायचं. त्यानंतर निदान दहा दिवस तरट ओलं ठेवायचं. गवंडी म्हणेल, "एवढं कोण बडवतंय, दोन गोणी सिमेंट टाकू." तिथे समितीच्या एका माणसाने उभं राहायला हवं.

सिमेंटला आमचा एवढा विरोध का, ते सांगायलाच हवं, कारण 'सिमेंट मजबूत असतं' हे खरंच आहे. ते फार मजबूत असतं, हीच अडचण. भिंतीत शिरलेलं पाणी कुठून तरी बाहेर पडणारच. मूळ बांधणीत ते उघड्या सांध्यांतून वाफ होऊन निघून जातं. सांधे सिमेंटने बंद केले की तेच पाणी दगडातून वाट काढतं. येताना सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं आणि दगडाच्या पृष्ठभागाशी आल्यावर वाळतं. क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि दगडाचं कातडं सोलून काढतात. भिंतीवर पांढरा लोणा दिसला, बोट फिरवल्यावर पीठ लागलं आणि मूर्तीच्या गुडघ्याखालचा भाग पापुद्र्यांनी गळायला लागला, तर आसपास कुठे सिमेंट आहे ते शोधा. बहुतेक वेळा सापडतंच. तोवर आत काय होतं? बाहेर पडायला वाट नसलेलं पाणी मधली माती धुऊन खाली नेतं. पोकळी होते. बाहेरचा थर सुटून फुगतो आणि गवंडी म्हणतो, भिंतीला पोट आलं.

पोट आलेली भिंत बाहेरून दाबून किंवा बांधून बसत नाही. आतली पोकळी भरावी लागते. चुना आणि सुरखीचा ताकासारखा पातळ माल खालच्या सांध्यापासून सुरू करून थोडा थोडा ओतायचा, हात-दीड हातापेक्षा उंच टप्पा एका दिवशी नाही. घाई केली तर ओल्या मालाच्या दाबानेच बाहेरचा थर ढकलला जातो. मुळात सुक्या सांध्याच्या भिंतीत दर्जा भरायची, म्हणजे सांध्याचं तोंड मालाने बंद करायची, गरज फक्त वरच्या आडव्या पृष्ठभागांवर असते, म्हणजे छज्जा, शिखराचे टप्पे, कठड्याचा माथा, जिथे पाणी थेट सांध्यात उतरतं. उभ्या भिंतीचे सांधे उघडेच राहू द्या, ते तसेच असायचे आहेत.

दर्जेचा माल एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग स्वच्छ, खरखरीत वाळू. चुना म्हणजे रंगाच्या दुकानातली पिशवी नव्हे. ती अनेक महिने हवा लागून आधीच मेलेली असते आणि तिचा माल बोटाने खरवडला तरी निघतो. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेले न विरलेले खडे, आणा आणि हौदातल्या पाण्यात हळूहळू सोडा. कळीवर पाणी ओतायला जाऊ नका, चटकन उकळी येऊन अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा हवाच, चुन्याचा एक थेंब डोळा घालवू शकतो. विरलेला चुना गाळून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवा. तीन महिने ठेवलात तर लोण्यासारखा होतो. सांधा जेवढा रुंद त्याच्या दुप्पट खोल साफ करा, पाण्याने भिजवा आणि अर्ध्या इंचापेक्षा जाड थर एका वेळी भरू नका. जाड भरला तर तडकतो. उन्हात भरला तर वाळतो पण आळत नाही, त्याची माती होते. पावसाळ्यात भरला तर वाहून जातो. म्हणून हे काम दिवाळीनंतर ते माघापर्यंत, आणि दोन-तीन आठवडे ओल्या तरटाखाली. 'थोडं सिमेंट मिसळलं तर लवकर धरतं' हा सल्ला ऐकू नका. धरतं लवकर हे खरं, पण मग तो चुना राहत नाही आणि क्षार पुन्हा आत येतात.

खालून येणारी ओल हा वेगळा विषय, आणि तो बहुधा गावानेच तयार केलेला असतो. दर यात्रेआधी आवारात मुरूम, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक असं करत जमीन दोन-अडीच फूट वर येते आणि देवळाचं जोतं गाडलं जातं. जोत्याच्या घडीव पट्ट्या, कुठे कीर्तिमुखांची, म्हणजे सिंहासारख्या तोंडांची रांग, कुठे गजथर, म्हणजे हत्तींची रांग, सगळं जमिनीखाली. पेव्हर भिंतीला चिकटवून बसवले की आवारातलं पाणी सरळ पायात. भिंतीपासून किमान तीन फुटांचा पट्टा उघडा ठेवा, जमीन जोत्याच्या पहिल्या थराच्या निदान सहा इंच खाली घ्या आणि उतार बाहेरच्या दिशेला द्या. मात्र जोतं मोकळं करायला जेसीबी लावू नका. त्याच मातीत पडलेले शिखराचे दगड, वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, कधी मूर्तीही असतात. फावडं-घमेलं, हळूहळू, आणि पुरातत्त्व विभागाचं माणूस हजर असताना. गाभाऱ्याच्या उत्तर भिंतीबाहेरचा मकरमुखी प्रणाल, म्हणजे अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारी दगडी पन्हळ, तीही बघून घ्या. आत टाइल घालताना त्याचं तोंड बुजवलं जातं आणि मग अभिषेकाचं पाणी गाभाऱ्यातच फिरत राहतं.

शिखरावरचा पिंपळ उपटू नका. मुळं सांध्यात खोल गेलेली असतात, ओढलं की दगडासकट येतं. रोप बोटाएवढं असतानाच, पावसाळा संपता संपता काढलं तर हाताने निघतं. मोठं असेल तर बुंध्याशी कापा आणि काप ओला असतानाच तणनाशक लावा, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात, फक्त कापावर, दगडावर नाही. पूर्ण वाळल्यावर जेवढं सहज सुटतं तेवढंच काढा आणि पोकळी चुन्याने भरा.

आता रंगाकडे येऊ. इथे आम्हाला थोडा वेळ द्या, कारण रंगाखाली नेमकं काय जातं ते समितीत क्वचितच कुणी बघितलेलं असतं.

दाराशी उभे राहा. चौकटीच्या मधोमध वर ललाटबिंब, त्यावर बहुतेक ठिकाणी गणपती. दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या, म्हणजे द्वारशाखा, कुणी पानाफुलांची, कुणी व्यालांची, म्हणजे कल्पित पशूंची, कुणी छोट्या खांबांची. तळाशी द्वारपाल आणि नदीदेवता. गंगा मगरीवर, यमुना कासवावर. हे वाहन जेमतेम दोन-तीन इंचांचं असतं. ऑइल पेंटचे तीन हात बसले की मगर आणि कासव दोन्ही सारखेच गोळे दिसतात, आणि कुठली बाई कोण हे सांगता येत नाही. शिवाचं देऊळ असेल तर बाहेरच्या देवकोष्ठांत, म्हणजे मूर्तींच्या कोनाड्यांत, अनेकदा दक्षिणेला अंधकासुरवध, पश्चिमेला नटराज, उत्तरेला चामुंडा असते. चामुंडेचं खपाटीला गेलेलं पोट आणि त्यावर कोरलेला विंचू ही पाथरवटाची करामत. गुलाबी रंगात ती हसऱ्या बाहुलीसारखी दिसते.

विष्णूच्या मूर्तीचं तर आणखी नाजूक आहे. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं चार हातांत कोणत्या क्रमाने आहेत त्यावरून चोवीस नावं ठरतात. आपण संध्येत म्हणतो ती केशवाय नमः, नारायणाय नमः हीच. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वरचा उजवा, वरचा डावा आणि खालचा डावा असं वाचायचं. पद्म, शंख, चक्र, गदा आलं तर केशव. पद्म, गदा, चक्र, शंख आलं तर त्रिविक्रम. दोघांत फरक फक्त शंख आणि गदा यांच्या अदलाबदलीचा. मूर्तीचा हात तुटलेला असतो, समिती हौसेने सिमेंटचा हात बसवते, कारागीर त्याला सुचेल ते आयुध देतो आणि देवाचं नावच बदलतं. तुटका हात तुटकाच असू द्या. उरलेल्या तीन हातांवरून चौथ्यात काय होतं ते कळतं.

शिलालेखांचंही तेच. सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग-कुडलच्या संगमेश्वर मंदिरात एका तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या लेखांपैकी तो एक. 'वाछि तो विजेया होऐवा', जो वाचील तो विजयी होईल, असं त्यात कोरलं आहे. ही अक्षरं कुठे आहेत ते लक्षात घ्या. समोरच्या भिंतीवर पाटी लावून नाही, तर मान वर करून बघावं लागतं अशा तुळईवर. तिच्यावर रंगाचे दोन हात बसले असते तर तो लेख वाचलाच गेला नसता. म्हणून रंगाऱ्याला बोलावण्याआधी एका अंधाऱ्या रात्री टॉर्च घेऊन देवळात जा. टॉर्च समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. तिरप्या उजेडात दिवसा न दिसणाऱ्या रेघा उठून येतात. तुळया, खांबांचे चौकोनी भाग, उंबऱ्याची बाजू, पायऱ्या, आवारातले सुटे दगड, सगळं बघा. अक्षरं दिसली तर त्यात खडू, पीठ, शेंदूर भरू नका. तिरप्या उजेडात फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. ठसा घ्यायचं काम जाणकाराला करू द्या.

रंग आधीच दिलेला असेल तर? घाईने काढू नका. वाळूचा फवारा मारला तर रंगाबरोबर पाथरवटाच्या टाकीचे घावही जातात आणि उरतो तो खरबरीत, पाणी शोषणारा दगड. ॲसिडने आपल्या बेसॉल्टमधली पांढरी स्फटिकं विरघळतात आणि लोहाचे पिवळट डाग पडतात. कॉस्टिक सोड्याचे क्षार आतच राहतात. तारेचा ब्रश म्हणजे हळू चालणारा वाळूचा फवारा. योग्य पद्धत म्हणजे रंग मऊ करणाऱ्या रसायनाचा लेप. पण तो संवर्धन रसायनतज्ज्ञानेच लावायचा. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात चार इंच बाय चार इंच एवढ्याच जागेवर, लाकडी पट्टीने एकेक थर सोडवत. पैसे नसतील तर पेंट तसाच राहू द्या. तो आपोआप पोपडे होऊन निघत राहतो. फक्त त्यावर नवा हात देऊ नका. शेंदराचं कवच काढायचा प्रश्न आधी गुरव आणि गावकरी यांच्यात सुटू द्या. काढायचं ठरलं तर हातमोजे आणि मास्क हवेत, कारण बाजारातला शेंदूर म्हणजे बहुधा शिशाचा ऑक्साइड.

'पारदर्शक कोटिंग देऊ, काही दिसणार नाही' असं सांगणारेही येतील. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून तज्ज्ञ आणले आणि त्यांनी चित्रांवर लाखेचं व्हार्निश दिलं. हेतू चांगलाच होता. व्हार्निश पिवळं पडलं, धूळ धरू लागलं, आणि ते उतरवण्यात पुढच्या पिढ्यांची दशकं गेली. तिथे निदान उतरवायला माणसं होती.

रेलिंगसाठी खांबांना भोकं पाडू नका. ट्यूबलाइट आणि भोंगे स्वतंत्र उभ्या खांबावर लावा. रोजचा पंचामृताचा अभिषेक उत्सवमूर्तीवर करावा, मूळ मूर्तीवर सणावारीच. आवारातले वीरगळ, सतीशिळा, गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेले दगड) ओट्यात सिमेंटने बसवू नका. त्यांना थोड्या उंच दगडी बैठकीवर, भिंतीपासून वीतभर दूर उभं करा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खाली लढाई, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर पिंडीची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. खालचा टप्पा ओट्यात गेला की तो वीर का मेला तेच गाडलं जातं. आणि भंगलेल्या मूर्तींचं नदीत विसर्जन करू नका. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते.

कायद्याचं थोडक्यात. देऊळ केंद्राच्या संरक्षित यादीत असेल तर त्याच्या शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. राज्याच्या यादीतल्या देवळांना राज्याचा १९६० चा कायदा लागू आहे. यादीत नसेल तरी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पत्र लिहून पाहणीची मागणी करता येते. ती कामाआधी करा. उकरताना नाणी किंवा मूर्ती सापडल्या तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

कुठला भाग उतरवावाच लागला तर आधी चारही बाजूंचे फोटो आणि हाताने काढलेला नकाशा तयार ठेवा. प्रत्येक दगडाला थर आणि जागा दाखवणारा क्रमांक द्या. तो ऑइल पेंटने नको, सुतळीने बांधलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर. उतरवलेले दगड थराप्रमाणे ओळीत मांडा, ढीग नको. ढिगात गेलेला दगड पुन्हा जागेवर येत नाही. तो गोठ्याच्या पायात सापडतो.

एवढं वाचून समितीला एकच गोष्ट लगेच करायची असेल, तर कोटेशनवर सही करणं पुढच्या पावसापर्यंत थांबवा. पहिल्या मोठ्या सरीत दोघांनी छत्र्या घेऊन देवळात जावं, एकाने आत, एकाने बाहेर. कुठून थेंब पडतो, कुठे पाणी तुंबतं, प्रणाल वाहतो का, शिखरावरून येणारी धार जोत्यावर आपटते की दूर पडते, हे देवळाच्या नकाशावर पेन्सिलीने खुणा करून ठेवावं. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने पुन्हा जाऊन कुठला दगड अजून ओला आहे ते त्याच कागदावर लिहावं. तो कागद ठेकेदारापुढे ठेवा आणि कोटेशन त्यावरून करायला सांगा.

कळावे,
आपले नम्र,
दगडकाम, चुनाकाम आणि मूर्तिशास्त्र यांत काम करणारे काही जण